सूनबाईंच्या पोटातलं

तिच्या अंगातलं रक्त कुठेतरी गळत होतं आणि कुठे, ते कुणालाच सापडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नळीचा कॅमेरा घालून वरून पाहिलं, खालून पाहिलं. राहिलं होतं ते मधलं लहान आतडं. जिना चढताना तिला धाप लागे, कडेवरची लेक, चिमणी, जड वाटे, आणि डोक्यात एकच किडा वळवळे: हिला अजून स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही, मला काही झालं तर?

"कॅमेऱ्याची गोळी गिळायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती आतून फोटो काढत जाईल, कमरेच्या पट्ट्यातल्या यंत्रात साठतील. पोटात जे जे असेल ते दिसेल."

"जे जे असेल ते?" नवऱ्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं, किती जीव आहे याचा माझ्यावर!

घोळ असा होता, की त्या घरात कुणालाही मन मोकळं करायचं झालं की तो तिच्याकडे येई आणि जाता जाता म्हणे, "पोटात ठेव हं." ती बिचारी ठेवी.

गोळी गिळून, पट्टा बांधून ती घरी आली. आधी आले सासरे. घरादाराच्या लेखी ते ठार बहिरे. टाचणी पडलेलीही ऐकू येते हे फक्त तिला ठाऊक. ते पट्ट्याशी वाकून कुजबुजले, "सूनबाई, माझं ते जरा कडेला सरकवता येईल?"

"बाबा, तो कॅमेरा आतड्याचे फोटो काढतोय."

"तेच म्हणतो. फोटोत यायला नको."

मग सासूबाई पाण्याचा तांब्याच घेऊन आल्या. "घटाघटा पी. माझं खाली वाहून जाऊ दे." सासरे बहिरे नाहीत हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं; म्हणून तर त्यांचे अवगुण त्या त्यांच्या कानाशी उभ्या राहून मोजत.

नवऱ्याने दार लोटून घेतलं. "डब्याचं दिसेल का गं?" आईने भरलेला डबा तो रोज ऑफिसच्या फाटकावरच्या कुत्र्याला घाली. कुत्रा इतका सुटला होता, की बसल्या जागेवरूनच भुंके.

"तो कुत्रा माझ्या पोटात नाहीये!"

"तूच म्हणालीस ना, ठेवलंय म्हणून?"

तिचं डोकं ठणकू लागलं. सवयीने हात चहाच्या डब्यामागे गेला आणि तिथेच थबकला. तिथे डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. रोजच्या. औषधं काही घेता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती सरळ नाही म्हणाली होती. तिचं तिने तरी कुणाच्या पोटात ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी फोटो बघायला सगळे एकदम डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसले. पडद्यावर गुलाबी बोगदा सरकत होता. नवऱ्याने डोळे मिटले.

"ते काळं काय?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सावली आहे. पण हे बघा. जखमा. इथून रक्त जातंय." डॉक्टरीणबाई वळल्या. "वेदनाशामक गोळ्या घेता का हो?"

तिने चिमणीकडे पाहिलं. "घेते. रोज."

"मागे नाही म्हणालात! रोज कशाला?"

"डोकं दुखतं."

"कशाने?"

तिने घरच्यांकडे पाहिलं. बाकी तिघं फरशी न्याहाळू लागले.

"दुसरं वाईट काही दिसत नाही. गोळ्या बंद केल्यात की भरून येईल. पण यापुढे पोटात नको ते काही ठेवायचं नाही!"

तिला रडूच फुटलं.

बाहेर येताच सासूबाईंनी पदर खोचला. "सूनबाई, माझं मी परत घेते. अहो, तुम्हाला ऐकू येतं, मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे," सासरे म्हणाले. "ऐकतच होतो ना."

"आई, तुझा डबा मी कुत्र्याला..." नवरा अडखळला.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "त्याला तरी आवडतो का?"

तेवढ्यात चिमणीने हात वर केले. तिने उचलून घेतलं तशी पोर कानाला लागली. "आई, एक सांगू? पोटात ठेव..."

"नको!" तिघंही एकदम ओरडले.

चिमणी दचकली, तिने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, आणि दवाखान्याचा अख्खा व्हरांडा ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "मला शू लागलीये!"