एकाच चेहऱ्यावर शिकलेला हात

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी त्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी दाढ्या वाढवल्या. घड्याळजींनी वाढवली, निवृत्त मास्तरांनी वाढवली, आणि ज्याच्या गालावर उभ्या जन्मात कोणी खुंट पाहिला नव्हता त्या कंपाउंडरनेही वाढवली. विचारलं की तिघांचं उत्तर एकच असे: विजय मिळेपर्यंत गालाला वस्तरा लावायचा नाही, असा पण केलाय. तरुण सगळे आघाडीवर, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात, मग म्हाताऱ्यांनी देशासाठी निदान दाढी तरी वाढवावी. ऐकणाऱ्याला ते पटायचंही.

खरं कारण कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये होतं. सलून मामंजींचं. मागच्या वर्षी त्यांचा मुलगा पलटणीबरोबर गेला आणि महिन्याभरात त्यांचे हात थरथरायला लागले. चाळीस वर्षं ज्या हातांनी खुर्चीत डुलकी लागलेल्या गिऱ्हाइकाची दाढी त्याची झोप न मोडता केली, त्या हातांना आता चहाची बशी धरवेना. मामंजी दोष चहालाच देत. रेशनच्या चहात दम नाही, म्हणून हात हलतो म्हणे. त्यांची सून एरवी शब्द खाली पडू न देणारी. लग्नानंतर आठवड्याभरात तिने दुकानातला मोठा आरसा या भिंतीवरून त्या भिंतीवर न्यायला लावला होता. पण चहाच्या या शोधावर ती काही बोलली नाही.

दुकान तसं बंद नव्हतं. कारखान्यात एका मुलीची वेणी यंत्रात अडकली, आणि केस मानेच्या वर ठेवूनच कामावर यायचं असा हुकूम निघाला. बायका सलूनमध्ये आल्या. कोणी हसत बसली, कोणी डोळे मिटून. मामंजींनी शेजारी उभं राहून शिकवलं आणि सुनेने कापलं. चार महिन्यांत तिची कात्री अशी चालायला लागली की घड्याळजींची बायकोही, कारखान्याशी काही संबंध नसताना, केस कापून गेली. वस्तरा मात्र पेटीत. त्या पेटीला हात लावायचा नाही, मी आहे तोवर ते काम माझं, असं मामंजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि मग सरकारी नोटीस आली. काम करणारा कारागीर नसेल असं प्रत्येक दुकान युद्धकाळापुरतं ताब्यात घेऊन तिथे रेशनचं कोठार करायचं होतं. सलूनच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘दाढीचं काम बंद असल्याची माहिती.’ तपासणीला साहेब येणार, तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी. सुनेच्या नवऱ्याच्या पत्रांत निम्म्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या येत, पण एक ओळ खोडणाऱ्यालाही निरुपद्रवी वाटली असावी: मी रोज पहाटे मनातल्या मनात दुकानाचं दार उघडतो, खुर्ची पुसतो, मग बरं वाटतं. तो परत येईल तेव्हा तिथे पोत्यांच्या थप्प्या असल्या तर त्याला काय सांगायचं?

तिने नोटीस मामंजींना वाचून दाखवली आणि पुढचं कसं बोलावं याची जुळवाजुळव करत उभी राहिली. मामंजींनी चष्मा काढला.

"ते तिघं दाढ्या का वाढवून बसलेत, मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

ती नोटिशीची घडी घालू लागली.

"माझ्या हाताला घाबरतात. आणि तसं तोंडावर बोलवत नाही त्यांना. कंपाउंडरला तर उन्हाळ्यात किती खाज सुटली होती. मीही कळल्याचं दाखवत नाही. एवढं केलंय बिचाऱ्यांनी, उगाच ओशाळतील."

एवढं बोलून त्यांनी पेटी तिच्यापुढे सरकवली. सुनेला रडू आलं आणि त्यातच कंपाउंडरच्या दाढीचं हसूही आलं. हे दोन्ही एकदम करायला मामंजींनी तिला फारसा वेळ दिला नाही. वस्तरा धारेसाठी चामड्याच्या पट्ट्यावर कसा ओढायचा, हे त्यांनी लगेच दाखवायला घेतलं.

शिकायचं कोणावर, हा प्रश्न साबणाने सोडवला. दुकानाला आठवड्याला अर्धी वडी मिळे. तेवढ्यात दिवसाला एकाच चेहऱ्यापुरता फेस निघायचा, तोही ब्रश जरा जास्तच फिरवला तर. बरणीला फेस लावून सराव करायची चैन परवडणारी नव्हती. तेव्हा रोज सकाळी मामंजी स्वतः खुर्चीत बसत आणि सून त्यांची दाढी करी. पहिल्या दिवशी त्यांना तीन ठिकाणी कापलं. त्यांनी तुरटीचा खडा मागितला आणि गाल पुढे केला. कातडी ताण. मनगट सैल सोड. वस्तरा दाबू नकोस, त्याला चालू दे. त्यांच्या डाव्या जबड्याखाली मुगाएवढी चामखीळ होती. तिथे आलं की हात उचलायचा, वळसा घ्यायचा, पलीकडून पुन्हा सुरुवात करायची. पहिल्या आठवड्यात तिथे ती दर वेळी थांबायची. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप वळू लागला, आणि मामंजी खुर्चीतच पेंगायला लागले. यापेक्षा मोठी शाबासकी त्या धंद्यात नाही.

साहेबांना काय सांगायचं, तेही मामंजींनी ठरवलं होतं. कारागीर मीच, बोट कापलंय म्हणून चार दिवस सून हात देते आहे. परवान्यावर चाळीस वर्षं त्यांचं नाव होतं, ते त्यांना पुसू द्यायचं नव्हतं. सुनेने मान डोलावली. दुकान वाचतंय ना, मग नाव कोणाचं का असेना. मनातून तिला थोडं लागलं होतं खरं. गुरुवारी सकाळी मामंजींनी धडधाकट बोटाला एवढी मोठी पट्टी बांधली की हात तुटला की काय असं वाटावं.

साहेब आले ते थकलेले, दोन दिवसांचे खुंट वाढलेले. सकाळपासून हे त्यांचं सातवं दुकान होतं. त्यांनी खुर्ची पाहिली, आरसा पाहिला, मामंजींची पट्टी पाहिली, बोट कापल्याची हकीकत ऐकून घेतली, आणि कागदपत्रं बाजूला ठेवून स्वतःच खुर्चीत बसले. तपासणीच करायची तर काम बघूनच करू म्हणाले.

सुनेने फेस केला, वस्तरा पट्ट्यावर ओढला आणि कानशिलापासून सुरुवात केली. हात हलला नाही. उजवा गाल झाला, हनुवटी झाली, गळा झाला. साहेबांचे डोळे मिटायला आले. मामंजी कोपऱ्यातल्या बाकावर बसून तिचं मनगट बघत होते. तिने टॉवेलने चेहरा पुसला आणि साहेबांनी आरशात पाहिलं. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि एक बोट डाव्या जबड्याखाली नेऊन तिथे ठेवलं.

तिथे मुगाएवढ्या जागेतले केस तसेच होते. सगळा चेहरा गुळगुळीत आणि तेवढीच एक टिकली.

साहेबांच्या जबड्याखाली चामखीळ नव्हती, काहीच नव्हतं. तिचा हात आपला नेहमीचा वळसा घालून आला होता. बाकावर मामंजींचा हात आपोआप स्वतःच्या जबड्याखाली गेला आणि त्यांनाही कळलं. थाप मारायची तर सुचत नव्हती, म्हणून तिने खरं तेच सांगितलं.

"मी एकाच चेहऱ्यावर शिकलेय, साहेब. साबण पुरत नाही. त्या चेहऱ्यावर तिथे चामखीळ आहे."

साहेबांनी वळून मामंजींच्या जबड्याकडे पाहिलं. मग मान मागे टाकून पुन्हा खुर्चीला टेकवली आणि उरलेलं करून टाकायला सांगितलं. ते काम वस्तऱ्याच्या दोन फटकाऱ्यांचं होतं. त्यानंतर त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"कारागीर कोण लिहू?"

सुनेने मामंजींकडे पाहिलं. ते उठून टेबलापाशी आले होते. आता ठरल्याप्रमाणे ते बोलतील, आपण मान डोलवायची, असं म्हणून ती तयार राहिली. पण मामंजी बोटाची पट्टी सोडत होते. हात कापत असल्यामुळे गाठ सुटायला वेळ लागला, आणि मदत करायचा धीर तिला झाला नाही. पट्टी सुटल्यावर त्यांनी दोन्ही हात फॉर्मवर ठेवले. कागद सळसळायला लागला.

"बोटाला काही झालेलं नाही," मामंजी म्हणाले. "हे हात बघा, साहेब. वर्षभरात यांनी कोणाची दाढी केलेली नाही. कारागीर ही. माझी सून. तिचं नाव लिहा."

"आणि तुम्ही?"

"मी इथलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "रोजचं. आजची दाढी व्हायचीय अजून."

साहेबांनी नाव लिहून घेतलं आणि ‘दुकान चालू’ असा शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळायच्या आत मामंजी खुर्चीत जाऊन बसलेही होते. वाटीत थोडा फेस उरला होता. सुनेने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, वस्तरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि तिला मामंजींचा चेहरा नीट दिसत नव्हता. आरशातून तिच्याकडे बघत ते म्हणाले, "होऊ दे सावकाश, पोरी. मी कुठे जातोय."