मामा कुठं गेलतं?

२०१८च्या उन्हाळ्यात उंब्रजच्या भाऊसोंच्या मुलीचं, प्रांजलचं लग्न अगदी मुहूर्तावर लागलं आणि धन्यकुमारांची पंचाईत झाली. पलूसला लग्नाच्या फिल्मा जोडून देण्याचा त्यांचा धंदा कॅसेटच्या काळापासूनचा. या लग्नात कुणी रुसलं नाही, वीज गेली नाही, नवरदेवाची गाडीसुद्धा बंद पडली नाही. अशी फिल्म बघताना माणसं जांभया देतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मग त्यांनी आपली विद्या बाहेर काढली. अंतरपाट. लगेच भिंतीवरचं घड्याळ. लगेच घामाघूम झालेले भाऊसो. (भाऊसो सकाळी आचाऱ्यापाशी रस्सा चाखताना घामेजले होते, पण ते कुणाला सांगायचंय?) पुन्हा अंतरपाट, पुन्हा घड्याळ, दर तुकडा आधीच्यापेक्षा आखूड. मंगलाष्टकं काढून टाकली, ढोलाचा एकेक ठोका तेवढा ठेवला. शेवटी नवरीच्या पाठीशी उभे असलेले ज्योतिबामामा दाराकडे बघतात आणि पुढच्या तुकड्यात त्यांची जागा रिकामी!

"आवं, लगीन हाय का खून?" चहा ठेवता ठेवता बायकोनं, गुणमालानं विचारलं.

"माणसांनी श्वास रोखला पायजे."

"रोखतील. मग तुमचा गळा धरतील."

भाऊसोंच्या अंगणात सगळी भावकी फिल्म बघायला जमली. प्रांजलची आजी दगडाबाई पदर तोंडात धरून बसली.

"मोडतंय गं बया लगीन!"

"आजे, माझं लगीन झालंय. ही काय मी हितं बसलीया."

"तू गप. बघू दे काय हुतंय त्ये."

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, अंगणानं सुस्कारा सोडला. धन्यकुमारांची छाती फुगली. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "पर मामा कुठं गेलतं?"

भाचीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि हा ऐन वेळी गायब! कुणी म्हणालं, फेट्याच्या मानावरनं बिनसलं. कुणी म्हणालं, त्यांच्या लेकाला, मल्हारला पोरगी दिली न्हाई, त्यो राग. बोलणं आठवड्यात प्रांजलच्या सासरी, वाईला पोचलं.

पुढच्या सकाळी पहिल्या एसटीनं मामा पलूसला हजर. माजी सुभेदार, सहा फूट उंच, मिशीला पीळ.

"धन्यकुमार, भाचीच्या सासरी तोंड दावायची सोय ठिवली न्हाईस तू!"

"मामा, बसा. दुसऱ्या कॅमेऱ्यात सगळं आसंल. तुमी कुठं गेलतासा त्ये दावू, विषय मिटला."

मामांचा आवाज एकदम खाली आला. "ऱ्हाऊ दे त्ये."

पण धन्यकुमारांचं बोट बटणावर पोचलं होतं. मांडवामागं, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला, सुभेदार टॉवेलात तोंड खुपसून हमसाहमशी रडत होते. प्रांजल दहावीपर्यंत त्यांच्याच घरी वाढलेली.

धन्यकुमारांनी चित्र तिथंच थांबवलं.

"ह्ये दावलंस तर माझी मिशी ऱ्हाईल का रं?"

"मग लोकांस्नी काय सांगू?"

"जोड की कायतरी. दुसऱ्याच्या लग्नातलं बी चालंल."

आतून गुणमालाचा आवाज आला, "पंगतीत जिलबी खाताना हायत की मामा!"

तासाभरात काम झालं. मामा दाराकडं बघतात. कढईत जिलबी फुलते. मामांचे गाल भरलेले, मिशीला पाक. मामा पुन्हा भाचीच्या पाठीशी.

रविवारी उंब्रजचं अंगण लोळून हसलं. वाईचे पाहुणेही हसले. "अक्षता पडायच्या आत जिलबी!" दगडाबाईनं कपाळावर हात मारला. मामा मिशीतल्या मिशीत गुरगुरले आणि खुशाल बोलणी खाऊन घेतली.

दगडाबाई दोन वर्षांनी गेली. ते लग्न मोडता मोडता वाचलं, हे तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. भाऊसो आता तिखट खात नाहीत, डॉक्टरांनी बंद केलंय. लग्नं लोकांच्या मोबाइलमध्ये गेली तसं धन्यकुमारांचं दुकान आटलं. पुढच्या अर्ध्या भागात गुणमालानं पिको-फॉलचं मशीन टाकलंय. मागच्या भागात धन्यकुमार शाळांच्या गॅदरिंगच्या फिल्मा जोडतात. प्रांजल वाईला शिक्षिका आहे. मामा २०२२ला गेले. वाईची पोरं त्यांना अखेरपर्यंत जिलबीमामाच म्हणायची.

दहाव्याला नदीवर प्रांजल धन्यकुमारांजवळ आली. डोळे सुजलेले.

"काका, खरं सांगा. मामा त्या वक्ताला जिलबीच खायाला गेलतं?"

धन्यकुमारांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"व्हय की," ते म्हणाले. "चांगल्या चार खाल्ल्या."