टिक काढणारा हात

त्या दुपारी तीन वाजता हस्तलिखित संस्थेच्या समितीला एकाच गोष्टीचा निकाल लावायचा होता: संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ बाईंचे कंत्राट पुढे चालू ठेवायचे की नाही. खरे तर निकाल लागल्यातच जमा होता. पाठचिकित्सकांनी बाईंविरुद्ध चार पानांची तक्रार केली होती आणि तिला सात तळटीपा होत्या. विद्वत्ता आणि सौजन्य एका घरी नांदतात असे ज्यांना वाटते, त्यांनी विद्वानांची तक्रारपत्रे वाचलेली नसतात.

पाठचिकित्सकांना सगळे तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'भिंग' म्हणत. जुन्या ग्रंथांच्या प्रती ताडून मूळ कर्त्याचे शब्द कोणते आणि नकलाकारांनी मागाहून घुसडलेले कोणते, हे निवडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. कर्त्याच्या हातची नसलेली खूण काढून टाकायची, हा त्यांचा नियम. या नियमावर त्यांनी दोन ग्रंथ लिहिले होते आणि तिघांशी कायमचे वैर घेतले होते.

त्यांचा लॅपटॉप मात्र रोज सकाळी वायफायला अनोळखी असे. बाकी सगळ्यांची यंत्रे झाकण उघडताच जोडली जात. यांचे जागच्या जागी बसून राही. बाई चार महिने खेटे घालत होत्या. शिडी लावून त्यांनी छताजवळचा राउटर बदलला, पासवर्ड बदलला, एकदा तर सरांचे टेबलच खिडकीकडून भिंतीकडे हलवले. पण लॅपटॉपला हात लावायची सोय नव्हती. "यात माझं आयुष्य आहे, बाई. तुम्ही तोंडाने सांगा, मी करतो." खुर्चीमागे कोणी उभे राहिलेलेही सरांना खपत नसे. तेव्हा बाई टेबलापलीकडे उभ्या राहून, दिसत नसलेल्या पडद्याकडे बघत विचारत.

"सर, नेटवर्कचं नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"त्याच्याखाली चौकोनात टिक आहे?"

"आहे."

"मग जोडा म्हणा."

सर जोडा म्हणत. यंत्र जोडले जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी.

समितीच्या दिवशी सकाळी सर घरीच तक्रारीवरून शेवटचा हात फिरवत होते. शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आलेल्या भाचीने घरात नुकतेच वायफाय घेतले होते. ती टूथब्रश तोंडात धरून मामाच्या खांद्यावरून डोकावली. नात्यातल्या माणसाला खुर्चीमागचा कायदा ठाऊक नसतो. मामाने नेटवर्कचे नाव निवडले, क्षणभर थांबून काहीतरी दाबले, मग पासवर्ड घातला.

"मामा, आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"ती टिक काढलीस. 'आपोआप जोडा'वरची."

"मी केलेली नव्हती ती."

भाचीने ब्रश बाहेर काढला. "म्हणून काढलीस?"

"अर्थात. मी न केलेली खूण माझ्या नावावर कशी राहू देऊ?"

"अरे, ती आहे म्हणून तर तो उद्या स्वतःहून जोडला जाईल! रोज काढतोस?" ती हसत सुटली. "आणि वर म्हणतोस संस्थेतल्या बाईंना काही येत नाही! आपलीच पावलं वाकडी आणि अंगणाला शिव्या, असं झालं हे."

मामा हसला नाही. त्याला बाईंचा प्रश्न अक्षरशः आठवला, कारण अक्षरशः आठवणे हाच त्याचा धंदा होता. टिक आहे? आहे. त्याने खोटे सांगितले नव्हते. टिक होती, 'आहे' म्हटल्यावर त्याने ती काढली होती. चार महिन्यांत बाईंनी हा प्रश्न किती वेळा विचारला असेल, याचा हिशेब करायचे त्याने टाळले.

तीन वाजता संचालकांनी तक्रार मोठ्याने वाचायला घेतली. त्यांना सरांची भाषा फार आवडे. सर खाली मान घालून ऐकत होते. बाई दाराजवळच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"'यंत्रास जडलेला विसरभोळेपणा,'" संचालक चवीने वाचत होते, "'हा संगतीचा परिणाम असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.' वा! काय लिहिता हो!"

चौघे सभासद हसले. त्यातल्या एकाने चष्मा काढून डोळे पुसले. ते वाक्य जुळवायला सरांना अर्धी दुपार लागली होती, आणि त्यावर त्यांनी घरी येऊन भाचीकडून शाबासकीही घेतली होती. आता त्याचा एकेक शब्द कानशिलावर बसत होता. बाई कोणाकडेच बघत नव्हत्या.

"ही तक्रार मी मागे घेतो," सर म्हणाले.

"पाहा, मन किती मोठं!" संचालक सभासदांकडे वळले. "पण सर, दयेपोटी संस्था चालत नाही."

"दया नाही. चूक माझी आहे."

"कसली चूक? तुम्ही कागदावर काना सोडत नाही, आणि चूक!"

सरांनी लॅपटॉप उघडून पडदा सगळ्यांकडे फिरवला. नेटवर्क निवडले. टिक दाखवली. "ही मी रोज काढत होतो. आज ठेवतो." त्यांनी पासवर्ड घातला, झाकण मिटले, पुन्हा उघडले. यंत्र मुकाट्याने जोडले गेले. चार महिन्यांचे संशोधन अर्ध्या मिनिटात आटोपले.

संचालक मदतीला धावले. "अहो, ही बटणंच मेली अशी फसवी असतात. यंत्राचाच दोष म्हणायचा. दोघांचंही नाव नको, विषय इथेच मिटवू."

वाट सोपी होती, आणि सरांची जीभ तिकडे वळलीही होती. ती त्यांनी आवरली.

"यंत्राचा दोष नाही. बाईंनी मला नेमकं हेच विचारलं होतं. पुनःपुन्हा. यांचं काम चोख होतं."

कंत्राट चालू ठेवावे असे ठरले. संचालकांनी तक्रारीची पाने टोपलीकडे नेली.

"फाडू नका," बाई म्हणाल्या. एवढ्या वेळात त्या प्रथमच बोलत होत्या. "सगळ्यांनी वाचलंय ते. फाइलीत राहू द्या. फक्त खाली सरांनी लिहून द्यावं, काय झालं ते."

सरांनी पेन काढले. चौथ्या पानाच्या तळाशी त्यांनी सुबक अक्षरात लिहिले: 'प्रस्तुत तक्रारीतील दोष माझाच असून, आपोआप जोडणीची टिक माझ्याकडून अनवधानाने काढली जात होती.' मग कागद बाईंपुढे सरकवला.

बाईंनी सावकाश वाचले. एका शब्दावर बोट ठेवले.

"'अनवधानाने' काढा, सर. तुम्ही रोज नीट लक्ष देऊन काढत होता. आणि 'काढली जात होती' नाही. 'मी काढत होतो.'"

सरांनी खोडून लिहिले. या वेळी अक्षर वाकडे आले. बाईंनी ते पुन्हा वाचले आणि त्याखाली तारीख घालायला सांगितले.