बुधरीबाईचा मध आणि काचेची चिप

रसायनशास्त्रात पीएचडी करणारी रंजीता पोंभुर्ण्याला मावशीकडे आली ती बोटभर काचेची चिप घेऊन. चिपच्या पोटात केसाहून बारीक नाल्या होत्या. एका तोंडाने मधाचा थेंब सोडायचा, दुसऱ्याने रसायनाचा. आत दोघांची गाठ पडली, की शेजारचं मोबाइलएवढं यंत्र मधात काय काय आहे ते सांगायचं. रंजीताला गावोगावचा मध तपासायचा होता.

पहिली आली शेजारची बुधरीबाई, पाच किलोचा डबा डोक्यावर घेऊन.

"बाई, एक थेंब पुरे," रंजीता म्हणाली.

"थेंब? माह्या माश्या वर्षभर राबल्या, अन् तू थेंब पाहून राह्यली? पुरा डबा तपास!"

शेवटी डब्याला पाटावर मानाने बसवलं, तेव्हा कुठे बाईने थेंब सोडू दिला.

यंत्राने आकडे दाखवले: साखरेचा पाक, वर मिठाईचा केशरी रंग. रंजीताने तीनदा तपासलं, तेच. शेवटी तिने बाईला ते सांगितलं.

"मी भेसळ केली?" बुधरीबाईने तिचा हातच धरला. "चाल, पेट्याच पाहून घे!"

परसातल्या मधपेट्यांतून माश्या भराभर निघत होत्या, पण रानाकडे एकही वळत नव्हती. दोघी त्यांच्यामागे धावल्या. कुंपण ओलांडलं, रंजीताची ओढणी काट्यात राहिली, आणि त्या पोहोचल्या थेट बाजारात, नईमच्या जिलेबीच्या दुकानापुढे. पाकाच्या परातीवर माश्यांची पंगत बसली होती.

"रोजचे गिऱ्हाईक आहेत," नईम शांतपणे म्हणाला.

बुधरीबाई माश्यांवरच कडाडली, "जंगलात मोहा फुलला, अन् तुम्ही हाटेलात बसून राह्यल्या? शरम नाई वाटत?"

रंजीता हसून हसून बाकड्यावर बसली. वहीत तिने लिहिलं, 'भेसळ आहे. मालकीण निर्दोष.'

त्याच आठवड्यात पेट्या जंगलालगतच्या शेतात गेल्या. नव्या मधाचा थेंब स्वच्छ निघाला आणि बुधरीबाईने गल्लीभर मध वाटला. पण त्यानंतर चौथ्या दिवशी नईम पडेल चेहऱ्याने दारात उभा.

"बुधरीबाई, माश्या परत आणा. लोक म्हणतात, या जिलेबीवर माशीबी बसत नाई, गोडच नसंल."

बाईने बराच विचार केला.

"एक पेटी न्या, नईमभाऊ. पण सगळ्यात आळशी माश्यांची हाये, थेच देईन."