नदीच्या मधोमध संपणारा परवाना

मी भिंतीवरून बोलतोय. मार्सी हॉलब्रुकच्या खुर्चीमागे, काचेच्या चौकटीत सोनेरी शिक्क्याचा एक कागद दिसतो ना, तोच मी. बिघडलेल्या वाचेवर उपचार करण्याचा सरकारी परवाना. शिक्का बघून मला मोठा समजू नका. हल्ली कुणी माझ्याकडे पाहिलं की मला तोंड लपवावंसं वाटतं, पण काचेआड तशी सोय नसते.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! मार्सी विद्यापीठात रात्रंदिवस खपली, मोठी परीक्षा दिली, एका कडक बाईंच्या हाताखाली उमेदवारी केली, बोटांचे ठसेसुद्धा दिले. तेव्हा कुठे राज्याच्या मंडळाने मला छापलं. उद्या कुणीही भोंदू उठून तोतऱ्या पोरांच्या, जीभ जड झालेल्या म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळू नये, म्हणून माझा जन्म. राखणदारच म्हणा ना. राखणदाराला गुर्मी असतेच, ती मलाही होती.

आमचं गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर. पूल ओलांडला की दुसरं राज्य. शेजारच्या खोलीत कान तपासणारा कर्टिस बसतो, त्याच्या भिंतीवर माझा भाऊ टांगलेला आहे. आम्हा दोघांचीही सत्ता नदीच्या मधोमध संपते. पण पलीकडचा माणूस पूल ओलांडून आमच्या खुर्चीत येऊन बसला की तो आमचा, इतका साधा हिशोब.

ऑरविल स्टकी असाच पलीकडून यायचा. त्याचा उभा जन्म गुरांचे आणि जमिनींचे लिलाव पुकारण्यात गेला. म्हणे त्याच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे घेणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळत नसे. आणि त्याच माणसाला मेंदूचा झटका आला नि शब्द गेले. समजायचं सगळं, ओठांवर काही येईना. फक्त लिलावाची पुकार तेवढी शाबूत राहिली. "एक वार, दोन वार" हे गाण्यासारखं आपोआप बाहेर पडायचं. मार्सीने तेच सूत धरलं आणि त्याला एकेक शब्द बांधून वर ओढायला सुरुवात केली.

"पहिले काही महिने फार मोलाचे," ती त्याच्या बायकोला, डोरीनला, बजावायची. "आता मिळेल ते टिकेल. खंड मात्र पडू द्यायचा नाही."

पाणी आलं. गाडी आलं. एके दिवशी "डोरीन" हे नाव अख्खंच्या अख्खं आलं, तेव्हा डोरीन हसत हसत रडली आणि म्हणाली, "इतकी वर्षं हाक मारली की ओ द्यायला कुरकुरायचे मी. आता कुरकुरणार नाही हो."

जानेवारीत पुलाच्या खांबाला तडा सापडला आणि पूल बंद झाला. दुसरा पूल कुठच्या कुठे, त्यात रस्त्यांवर बर्फ. मार्सी म्हणाली, काही हरकत नाही, संगणकाच्या पडद्यावर भेटू. ऑरविल त्याच्या स्वयंपाकघरात, मार्सी तिच्या खुर्चीत, आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारा मी. मला तर वाटलं, आपली सत्ता वाढली!

एका दुपारी कर्टिस सँडविच खात खात आत आला. "तो लिलाववाला म्हातारा अजून येतो गं? पूल तर बंद आहे."

"पडद्यावर येतो."

"अगं, पण बसतो कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी."

"आणि घर कुठल्या राज्यात?" कर्टिसने घास गिळला. "पेशंट बसतो तिथला परवाना लागतो, बाई. तू कुठे बसतेस याला कोण विचारतंय?"

"पण मी तर याच्या खालीच बसते!" तिने माझ्याकडे बोट केलं.

"त्याचा काय उपयोग? त्याला पोहता येत नाही."

एरवी मी हसलो असतो. पण मार्सीचा चेहरा उतरला होता. नियम आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, आणि तिच्या ध्यानातून निसटला होता. तिने मंडळाला स्वतःहून चूक कळवली, पलीकडच्या राज्यात अर्ज टाकला, आणि मग ऑरविलला शेवटचं पडद्यावर बोलावलं.

"म्हणजे आम्ही गुन्हा केला का, पोरी?" डोरीन घाबरली.

"तुम्ही नाही, मी. तिकडचा परवाना येईपर्यंत मला बोलता येणार नाही. आठवडे लागतील. तुमच्या बाजूला कुणी..."

"आमच्या बाजूची बाई वसंतापर्यंत मोकळी नाही म्हणते."

तेवढ्यात ऑरविल पुढे सरकला. त्याने खिडकीकडे हात केला. "एक वार," तो म्हणाला. कपाळाची शीर फुगली, ओठ हलले, शब्द येईना. पुन्हा हात खिडकीकडे. "दोन वार..."

मार्सीला वाटलं, नुसतीच जुनी पुकार उसळतेय. तिचे डोळे भरले होते, लाजेने ती अर्धी झाली होती, तिला तिथून सुटायचं होतं. "हो, ऑरविल. मलाही फार वाईट वाटतंय. येते मी," असं म्हणून तिने पडदा बंद केला.

त्याचं तोंड उघडंच होतं. मी पाहिलं ते. अडखळणाऱ्याचं बोलणं मध्येच तोडू नये, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. तो तिला येतो याची ग्वाही मी शिक्क्यानिशी देत होतो, आणि त्याच घटकेला तिने तो मोडला. त्या दिवशी खिळा निखळून मी खाली पडलो असतो तर बरं झालं असतं.

तीन आठवडे तसेच गेले. मग डोरीनचा फोन आला. मार्सीने तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला म्हणून मलाही ऐकू आलं.

"ह्याने माझं डोकं खाल्लंय बघ! उठता बसता एक वार, दोन वार, आणि हात बाहेर. शेवटी आज गाडीत घातलं आणि म्हटलं, दाखव बाबा काय ते. हाताने वळणं दाखवत जुन्या दफनभूमीमागच्या कुरणात नेलंन्. आणि तिथे पाटी कुणाची? तुमच्या राज्याची!"

"आमच्या? नदीच्या तुमच्या बाजूला?"

"अगं, नदीने कधीकाळी पात्र बदललं, पण हद्द जुन्या पात्रातच राहिली. तो तुकडा यानेच लिलावात विकला होता. त्या दिवशी हेच तर सांगत होता तुला!"

कर्टिसने जिल्ह्याचा नकाशा काढला. खरंच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझी सत्ता नदीपलीकडेही पोचते, हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. ते ज्याला ठाऊक होतं, त्याचं तोंड आम्ही मिटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर गाडीची पुढची सीट दिसली. मांडीवर घोंगडी, मागे गोठलेलं कुरण.

"ऑरविल, त्या दिवशी मी तुमचं बोलणं तोडलं," मार्सी म्हणाली. "मला माफ करा. आता तुम्ही सांगा, मी ऐकते."

"एक वार," तो म्हणाला. "दोन वार..."

आणि थांबला. डोरीन शब्द सुचवायला पुढे झाली, पण मार्सीने बोट वर करून तिला अडवलं. गाडीची काच धुरकटली, तो ओठ चावत राहिला. या वेळी मार्सी हलली नाही.

"तीन वार!" त्याने गाडीच्या पुढच्या फळीवर थाप मारली. हातोडाच पडला जणू.

आता पूल सुरू झालाय. माझ्या शेजारी पलीकडच्या राज्याचा नवा परवाना लागलाय. तो ऐटीत असतो, मी त्याला काही बोलत नाही. ऑरविल दर आठवड्याला इथे येतो. पाणी आहे, गाडी आहे. पण त्या खंडात "डोरीन" गेलं, ते काही परत आलं नाही. पुष्कळ धडपडून "डो" एवढंच येतं. ते ऐकलं की मार्सी खाली कागदात बघते, आणि मला वाटतं, कुणीतरी मला भिंतीकडे तोंड करून टांगावं.

म्हणून हात जोडून सांगतो. माझ्यासारखा सोनेरी शिक्का कुठे दिसला तर अवश्य वाचा, तारीख बघा, राज्य बघा. पण मग खाली बसलेल्या माणसाकडेही बघा, की तो तिसरा वार होईपर्यंत थांबतो का. ते आमच्यावर छापलेलं नसतं.

परवा मार्सीने पुन्हा माफी मागितली, तेव्हा डोरीन त्याचा कोट चढवता चढवता म्हणाली, "असू दे गं. 'डो' म्हणाला तरी मी येतेच."