वाटाण्याच्या शेतातली पांढरी व्हॅन

होरेस पिंचबेक म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. एकतीस वर्षं आम्ही दोघं जाळीच्या एकाच आडोशात बसून रानकबुतरं मारतोय आणि एकतीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडतोय. शेतात गाडी उभी केली तर कबुतरं बुजतात की नाही? होरेस म्हणतो बुजतात, मी म्हणतो नाही. चाललं मात्र कायम त्याचंच. त्यामुळे आमची गाडी रस्त्यावरच्या फाटकापाशी राहायची, आणि तिथून पुढे अर्धा मैल जाळ्या, काठ्या, काडतुसं, आमिषाला मांडायच्या खोट्या कबुतरांची पोती आणि बसायचे डबे, असं सगळं पाठीवर मारून आम्ही चिखलातून चालायचो. बाकीचे शिकारी गाडीतून आडोशापर्यंत जायचे. आम्हाला बघून हात करायचे.

हा नियम आला कुठून तेही सांगतो, कारण त्यात माझा हात आहे. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापलेल्या बार्लीच्या रानात मी माझी व्हॅन नेली होती. मी नळकाम करायचो, तेव्हा व्हॅन पांढरी होती, आजही पांढरीच आहे. सकाळभर कबुतरं साठ पावलांपर्यंत यायची आणि वळून जायची. बाराच्या सुमाराला होरेस उठला, म्हणाला, "ही तुझी पांढरी गाडी," आणि व्हॅन घेऊन फाटकाकडे गेला. त्याच वेळी ऊन लागायला लागलं म्हणून मी डोक्याला रुमाल बांधला. टोपी घरी विसरलो होतो, आणि माझं डोकं तेव्हाच तुळतुळीत झालं होतं. सकाळभर ते चकाकतं डोकं मी जाळीच्या वर काढून बघत होतो. रुमाल बांधल्यावर पाच मिनिटांत पक्षी यायला लागले. होरेस परत आला तेव्हा खाली अकरा पडली होती. तो म्हणाला, "बघितलंस?" आणि मी म्हणालो, "बघितलं."

बोलायला हवं होतं. पण टोपी विसरणाऱ्या माणसाला होरेस वर्षभर सोडत नाही. दोष गाडीवर गेला ते मला बरंच वाटलं.

यंदाच्या वसंतात होरेसचं वय अठ्ठ्याहत्तर आणि डावा खुबा कामातून गेलेला. माझी बहीण विनी जाऊन दोन वर्षं होतील. ती गेल्यापासून होरेस फक्त शिकारीच्या दिवशी दाढी करतो. बाकीचे दिवस तो घरात काय करतो मला माहीत नाही. पडदे दुपारपर्यंत ओढलेले असतात एवढं रस्त्यावरून दिसतं.

मे महिन्यात ज्युडिथ स्केल्सचा फोन आला. समुद्राच्या बाजूची सपाट रानं तिची. वाटाणा नुकताच दोन बोटं वर आला होता.

"लेन, पाखरं उडवायची गॅसची तोफ लावली होती. कबुतरं तिच्यावर बसून माझा वाटाणा खातायत," ती म्हणाली. "तुम्ही दोघं येताय की दुसऱ्या कुणाला सांगू?"

मी होरेसकडे गेलो. तो स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होता. दाढी वाढलेली.

"तू जा," तो म्हणाला. "मी काही येत नाही."

"का?"

"फाटकापासून अर्धा मैल आहे ते. मला चौकातल्या दुकानापर्यंत जाववत नाही."

"व्हॅन शेतात नेऊ."

"मग जायचं तरी कशाला? रिकाम्या आभाळाकडे बघायचं असेल तर मागच्या अंगणात खुर्ची आहे."

"अरे बाबा, चाळीस वर्षं तू कालव्यांवर खोदयंत्र चालवलंस. तुझ्या यंत्राच्या बाजूला कबुतरं चरत असायची. तूच सांगायचास."

"ते यंत्र चालू असायचं. चालू यंत्राला डोकं नसतं हे कबुतराला कळतं. उभी गाडी म्हणजे आत माणूस."

"हे कबुतरानं सांगितलं वाटतं तुला?"

"तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतात ती."

मी खुर्ची ओढून बसलो. "हे बघ. एक सकाळ गाडी आत नेऊन बघू. पक्षी आले तर यापुढे गाडी कायम शेतात आणि तू कायम माझ्याबरोबर. लाग पैज."

"आणि नाही आले तर?"

"तू सांग."

"नाही आले तर शुक्रवारी मी बंदूक बंदुकांच्या दुकानात विकून टाकतो," होरेस म्हणाला. दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर टाक म्हणून सांगावं तसं म्हणाला. मी हो म्हणून बसलो. व्हॅनबद्दल माझी एवढी खात्री होती.

बुधवारी सकाळी होरेस दाढी करून तयार होता. वाटाण्याच्या शेतात शिरताना तो सीटवर असा आखडून बसला, जसं मी त्याला चर्चमध्ये बूट घालून टेबलावर चढवतोय. हॉथॉर्नच्या झुडपांच्या कुंपणाला लागून मी व्हॅन उभी केली, आडोशापासून चाळीस पावलांवर. काच उन्हाकडे नको म्हणून त्यानं मला ती तीन वेळा वळवायला लावली. मग काचांवर पोती, टपावर जाळी, आरशांवर त्याचे जुने मोजे. खोटी कबुतरं मांडायला लागली नाहीत एवढी मिनिटं व्हॅन झाकायला लागली.

वारा समुद्रावरून होता, चांगला. खोटी कबुतरं वाऱ्याकडे तोंड करून मांडली, मधे उतरायला मोकळी जागा सोडली आणि डब्यांवर बसलो. शेतापलीकडच्या झाडांच्या राईतून पहिली तीन निघाली, सरळ आमच्यावर. साठ पावलांवर आली आणि पंख उलटवून कालव्याकडे निघून गेली. मग दोन आली, तीही वळली. मग पाचांचा थवा आला, त्यानं तर वाटेतच रस्ता बदलला.

"गाडी," होरेस म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं बंदूक गुडघ्यांत उभी धरली होती आणि नळीचं टोक जाळीच्या वीतभर वर आलं होतं. ते टोक थरथरत होतं. एका जागी राहतच नव्हतं, आणि प्रत्येक थरथरीला त्यावर ऊन चमकत होतं.

मला नवीन नव्हतं ते. फेब्रुवारीत थर्मासच्या झाकणातून त्याचा चहा सांडताना बघितला होता, आणि थंडी आहे असं दोघंही म्हणालो होतो.

"नळी जरा खाली घे," मी म्हणालो.

"खाली घेतली की वर यायला वेळ लागतो."

तेही खरं होतं. मी स्वतःवर चिडलो. व्हॅनमुळे पक्षी येत नाहीत असं म्हणावं तर शुक्रवारी बंदूक दुकानात जाणार. खरं काय ते सांगावं तर बंदूक आजच जाणार, वर त्याचा मान जाणार. एकतीस वर्षं ज्याच्या शेजारी बसलो त्याला, तुझा हात हलतोय, एवढी तीन शब्दांची गोष्ट मला सांगता येईना.

दहापर्यंत बार एकही निघाला नव्हता. होरेसचे ओठ निळे पडले होते.

"जा, गाडीत बसून चहा घे," मी म्हणालो. "जरा ऊब येईल."

ऊब आली तर हात थांबेल, एवढंच माझ्या मनात होतं. त्यानं काडतुसं काढली, बंदूक पिशवीत घालून आडोशातच ठेवली आणि कुंपणाला धरत निघाला. चाळीस पावलांना पाच मिनिटं लागली. व्हॅनचं दार लागलेलं ऐकू आलं. थोड्या वेळानं काचेवरच्या पोत्याचा एक कोपरा आतून सरकला.

पहिली जोडी व्हॅनच्या टपावरूनच आली. पंख आवळून, पाय सोडून थेट मोकळ्या जागेत उतरली. मी बंदूक खांद्याला लावली, मग खाली घेतली. पाठोपाठ चार आली, मग सात. बार काढला असता तर प्रत्येक बारानं होरेसला एकच गोष्ट सांगितली असती, की तू उठलास आणि कबुतरं आली. तो झोपला असावा अशी मी मनात आशा धरली. ज्युडिथचा वाटाणा माझ्या डोळ्यांसमोर खुडला जात होता आणि मी भरलेली बंदूक मांडीवर घेऊन बसलो होतो. एक कबूतर तर व्हॅनच्या टपावर उतरलं आणि जाळीतून पाय उचलत चालायला लागलं, होरेसच्या बरोबर डोक्यावर.

तेवढ्यात हॉर्न वाजला. लांबलचक, थांबेचना. सगळं शेत एकदम उडालं आणि कालव्यापार गेलं.

जो माणूस आडोशात मला शिंकू देत नाही, त्यानं हॉर्न वाजवला होता. तो व्हॅनमधून उतरला आणि कुंपण धरत परत आला. मी बंदूक रिकामी केली.

"झोपला होतास काय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"तेवीस मोजली मी. एक टपावर फिरत होतं, त्याच्या नख्या ऐकू येत होत्या मला. बार का नाही काढलास?"

तो डब्यावर बसला. उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मग डावा हात त्यावर दाबून धरला.

"म्हणजे गाडी नव्हे," तो म्हणाला.

"नाही."

"तुला कधीपासून दिसतंय?"

"फेब्रुवारीपासून. चहा सांडायचास."

"मला ख्रिसमसपासून. मला वाटलं, जाळीमागे कुणाला दिसत नाही."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याला एकट्यालाच उघडं पाडून बसणं मला जमेना. म्हणून मी त्या ऑगस्टातली टोपी सांगितली. रुमाल सांगितला. तो व्हॅन घेऊन फाटकाकडे गेला आणि मागे काय झालं, सगळं सांगितलं.

होरेसनं सावकाश माझ्याकडे मान वळवली. "एकतीस वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"ते सगळं ओझं."

"हो."

"बर्फातसुद्धा."

"बर्फातसुद्धा."

"विनीला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं होतं तिला."

"ती मला कधी बोलली नाही."

"ती म्हणाली, चालू दे त्याला, पोट तरी कमी होईल."

होरेस खोट्या कबुतरांकडे वळला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, रडतोय. हसत होता. नंतर थोडा रडलाही, आणि मी सामान आवरायचं निमित्त करून जाळी सोडायला लागलो.

"पैज तू जिंकलास," तो नाक पुसत म्हणाला. "गाडी उभी होती आणि पक्षी आले. पैज म्हणजे पैज. यापुढे गाडी शेतात."

"आणि तू बरोबर."

"आणि मी बरोबर. ठरलं तसं." त्यानं बंदुकीची पिशवी माझ्याकडे दिली. "ही शुक्रवारी जाईलच. तिचा पैजेशी संबंध नाही. असल्या हातात भरलेली बंदूक आणि शेजारी तू. तुझ्यासाठी तुरुंगात जाण्याइतकं माझं तुझ्यावर प्रेम नाही."

शुक्रवारी मीच त्याला दुकानात घेऊन गेलो. बाहेर आल्यावर तो मिळालेल्या चांगल्या किमतीबद्दल आणि गावातल्या वाईट रस्त्यांबद्दल बोलत होता. मी ऐकत होतो. शनिवारी सकाळी साडेसहाला त्याच्या दारात व्हॅन उभी केली, पण हॉर्न वाजवायला मन धजेना. पडदे ओढलेलेच असले तर काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं.

दार उघडलं. दाढी केलेली होती. गळ्यात दुर्बीण, काखेत उशी, हातात चीजचं सँडविच.

वाटाण्याच्या शेतात त्यानं मला व्हॅन चार वेळा वळवायला लावली, का ते विचारलं तर म्हणाला, त्याला राई नीट दिसली पाहिजे. मी आडोशात जाऊन बसलो. शेजारचा डबा मी सवयीनं आणला होता, त्यावर काडतुसं ठेवली.

राईतून कबुतरं निघाली. व्हॅनच्या काचेवर यावेळी पोतं नव्हतं, ते त्यानं लावूच दिलं नाही. आत होरेस दोन्ही हात समोर टेकवून बसला होता. उजवा हात थर्मासच्या झाकणासकट थरथरत होता, इतका की मला चाळीस पावलांवरून दिसत होता. तो आता त्याला दाबून धरत नव्हता. कबुतरं टपावरून सरळ येत राहिली.