फुटपाथची कड

धाकट्या मुलानं परस्पर लग्न उरकून आम्हाला नुसता फोटो पाठवला, त्या वर्षी हिचे डोळे पूर्ण गेले. सून कशी दिसते ते मीच हिला सांगितलं, आणि तेही धड सांगितलं नाही असं हिचं म्हणणं.

हिची थोरली बहीण रस्त्यापलीकडे, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. मी हिला रोज हात धरून नेई. पण जन्मभर गवंडीकाम करून माझ्या छातीत सिमेंट बसलेलं. तिथं खोकत बसायचो आणि दहा मिनिटांत "झालं का?" विचारायचो. शेवटी ही म्हणाली, "अहो, मला तिच्याशी बोलायचंय. तुमच्यासमोर नाही."

म्हणून कुत्रा आला. शिकवायला पोलिसखात्यातून निवृत्त झालेले एक मास्तर दर रविवारी येत. त्यांनी सांगितलं, आधी एकच गोष्ट शिकवा: फुटपाथची कड आली की बसायचं, आणि "चल" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. बसला की पावाचा तुकडा द्या.

कुत्र्याला ही राजा म्हणे, मी ठोंब्या. फाटकापासून कडेपर्यंत बेचाळीस पावलं. रोज सकाळी त्याला घेऊन जाई. चालताना माझा खोकला गप्प असे, कडेला थांबलो की उसळे. खोकून झालं की "बस" म्हणे, ढुंगण दाबून दाखवी. हा ढिम्म. कबुतरं बघे, कान खाजवी. पाव मात्र हातातून ओढून घेई. माझ्या नाकी नऊ आले. भिंत एवढी वाकडी गेली असती तर पाडून नवी बांधली असती. ह्याला पाडून काय बांधणार?

दुसऱ्या महिन्यात तो बसला. मग रोज, न सांगता बसू लागला. औषधवाल्याला मी दोनदा बोलावून दाखवलं.

तिसऱ्या महिन्यात मास्तरांनी पट्टा हिच्या हातात दिला आणि मला फाटकाशी उभं केलं. अर्ध्या वाटेवर मला ठसका लागला. कुत्रा तिथंच बसला. ही बिचारी उभी. "चल" म्हणाल्यावर उठला, आणि कड आली तेव्हा सरळ खाली उतरला. ही गुडघ्यावर पडली. सायकलवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली.

माझं डोकंच फिरलं. हे ध्यान आजच्या आज घेऊन जा म्हणालो. मास्तर हिला उठवत शांतपणे म्हणाले, "काका, जरा खोका बघू."

मी खोकलो. ठोंब्या बसला.

"तीन महिने तुम्ही ह्याला खोकला शिकवलाय. कुत्र्याचं काही चुकलेलं नाही."

ही गुडघा चोळत हसली. मला हसू आलं नाही. हात धरायला गेलो तर तिनं झटकला. "आता मी शिकवते. तुम्ही घरात बसा, खिडकी लावून."

मला पटलं नव्हतं, तरी बसलो. ही रोज जाई, काठीनं कड चाचपून उभी राही, आणि तो आपणहून बसेपर्यंत थांबे. घड्याळात तासभर होई. मी आत तोंडात पंचा कोंबून खोकत असे. एकदा न राहवून दार उघडलं, तर तिथूनच म्हणाली, "तुमचा भरवसा कुत्र्यावर नाही, की माझ्यावर?" मी दार लावलं.

चाळीस दिवस लागले. एकेचाळिसाव्या दिवशी ती पलीकडे गेली ती जेवणाची वेळ टळली तरी येईना. मी दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. आली तेव्हा, काय बोललात एवढं, असं विचारलं. तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर ती रोज एकटी गेली. मेहुणी त्याच वर्षी एकोणीस सप्टेंबरला, सकाळी अकराच्या सुमाराला वारली. ही उशाशी होती, कुत्रा खाटेखाली. मी घरी होतो.